सूप दाराबाहेर राहिलं

गॅनेट हार्बर,
४ मार्च

लॉकी काका,

परवा मी फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "मोराग, मला निम्मंच ऐकू येतंय, आणि निम्म्या ऐकण्यावर मी जन्मात कधी बटण दाबलेलं नाही," आणि खुशाल ठेवून दिलात. आई हसत सुटली, मला मात्र राग आला. टर्बाइनच्या घरघरीने तुमचे कान नेले हे मान्य. पण कानात घालायचं यंत्र मिळतं हो बाजारात. ते घालायला कमीपणा वाटत असेल तर घ्या, हे पत्र.

बातमी अशी की मला अल्फीच्या शिफ्टवर टाकलंय. तुमचाच अल्फी बुद्रो, आता आमचा शिफ्टप्रमुख. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, "ही लॉकी मॅक्लेलनची पुतणी. हिच्या घरी जेवायला जाल तर जरा जपून. मीठ मागितलं तर मिळत नाही, आधी परत म्हणून घेतात." सगळी शिफ्ट खिदळली. मी पण हसले, कारण खोटं काय होतं त्यात? तुम्ही म्हणायचात, "मोराग, मीठ दे." मी म्हणायचं, "मीठ देते." तुम्ही म्हणायचं, "बरोबर." मग कुठे मीठ जागचं हलायचं. तोवर बटाटे गार. आता अणुवीज केंद्रात दिवसभर तेच करते. एकाने सांगायचं, दुसऱ्याने परत म्हणायचं, पहिल्याने बरोबर म्हणायचं, आणि मगच हात उचलायचा. नवी पोरं अडखळतात. मला ते पाळण्यातूनच येतंय.

आता खरी गोष्ट. मेअखेरीस आमच्यातल्या दोघांना कंट्रोल रूमच्या लायसन्सच्या अभ्यासासाठी निवडणार आहेत. नावं अल्फी सुचवणार. काका, तुम्ही ज्या खुर्चीवर बसत होतात ना, तिथे मला बसायचंय. लहानपणापासून एवढं एकच मनात आहे, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहून टाकते.

पुढच्या आठवड्यात शटडाऊन. अणुभट्टी बंद, दुरुस्तीला बाहेरगावची शेकडो माणसं. जेवणघरात बसायला जागा मिळणार नाही.

तुमची,
मोराग


सेंट ॲग्नस बेट,
१५ मार्च

मोराग बाळा,

पत्र पोचलं. तू सांगतेस: अल्फीच्या शिफ्टवर गेलीस. मेअखेरीस दोघांना अभ्यासासाठी निवडणार. तुला माझ्या खुर्चीवर बसायचंय. आणि कानाच्या यंत्राबद्दल काहीतरी लिहिलंयस, ते वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

अल्फी सोन्यासारखा माणूस आहे. आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो, तेव्हा भिंतींचा रंगही वाळला नव्हता. त्याच्या हाताखाली शिकशील ते पुस्तकात नाही. तो म्हणेल ते ऐकत जा. फक्त त्याच्या विनोदांना फार हसू नकोस, शेफारतो.

शटडाऊनबद्दल एक सांगतो. बाहेरची माणसं आली की दाराकडे लक्ष दे. तुला माहीत आहे आपल्या गावाची खोड. मागून कुणी येत असलं आणि आपण दार धरलं नाही, तर त्याच्या आईला शिवी दिल्यासारखं होतं. माणूस अजून रस्त्याच्या पलीकडे असतो, आपण दार धरून उभे, आणि तो बिचारा आपल्याला ताटकळावं लागू नये म्हणून गुडघे दुखत असताना धावत येतो. आमच्या वेळी नवा पोरगा घेतला की त्याला अणू शिकवायला एक हिवाळा लागायचा, आणि दार सोडायला शिकवायला दोन. चोरदरोड्याची मला कधी धास्ती वाटली नाही, आपल्या चांगुलपणाची वाटायची. ज्याचं त्याने कार्ड लावायचं, ज्याचं त्याने आत यायचं. मग तो गव्हर्नर असो की पाद्री.

डेल्फीन घराच्या पायरीवरून पडली, कंबरेचं हाड मोडलं, असं ऐकतो. अल्फीची बायको म्हणजे आमची बहीणच. तिला भेटून ये. जाताना ओटकेक ने, पण तुझ्या आईने केलेले नको, ते दाराला अडसर लावायला बरे.

काका


गॅनेट हार्बर,
२ एप्रिल

काका,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता जसं घडलं तसं सांगते.

मंगळवारी सकाळी समुद्रावरून असा वारा सुटला होता की डोळ्यांतलं पाणी गालावर गोठत होतं. मी आतल्या आवाराच्या दाराशी पोचले, ते काचेचं जाड दार, एका वेळी एक माणूस. कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, दार उघडलं. मागून आवाज आला, "धर गं पोरी." वळून बघते तर अल्फी. दोन्ही हातांत मोठं पातेलं, वर फडकं बांधलेलं. हॅडॉक माशाचं सूप. डेल्फीन अंथरुणात, पण शटडाऊनमध्ये शिफ्टला सूप मिळालंच पाहिजे, म्हणून गड्याने स्वतः रांधलेलं.

काका, माझा हात दाराकडे गेला होता. खोटं कशाला सांगू, सवयीने गेलाच. मग मी तो खिशात घातला आणि दार लागू दिलं. त्याच्या तोंडावर.

तो हसला. काचेपलीकडून ओरडला, "शाब्बास, लॉकीची पुतणी." पातेलं खाली ठेवलं, हातमोजे काढले, कार्ड शोधलं, लावलं. लाल. पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

मग त्याचं हसू गेलं. म्हणाला, "यंत्र गारठलंय. तू आतून तुझं कार्ड लाव, उघडेल." मी त्याच्याकडे नीट बघितलं ते तेव्हा. डोळे लाल, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लावलेली. म्हणाला, "मोराग, माझी माणसं आत आहेत. आज मोठे पंप चालू करायचेत. उघड."

माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. मे महिना आला, तुमची खुर्ची आली. मी म्हणाले, "अल्फी, मी गार्डला बोलावते."

आणि काका, तो म्हणाला, "गार्डला बोलावतेस."

सवयीने बोलून गेला. इतकी वर्षं बोलत आलाय, तोंडातून आपसूक निघालं. मी म्हणाले, "बरोबर." आणि खिडकीतल्या गार्डला, विनीला, बोलावलं. तो तिथेच उभा राहिला.

नंतर कळलं ते असं. घरी डेल्फीनचं करायचं, इथे जादा तास भरायचे. कामाचे तास मर्यादेबाहेर गेले होते, म्हणून आदल्या दिवशी त्याला सक्तीची रजा देऊन कार्ड बंद केलं होतं. त्याला ते माहीत होतं. त्याच्या जागी दुसरा प्रमुख आलेला होता. तरी तो आला, कारण आपल्यावाचून अडेल असं त्याला वाटलं. मी घडलं ते सगळं वरती कळवलं. आता त्याची चौकशी आहे, आणि ती होईस्तोवर तो घरी.

शिफ्टवर माझ्याशी कुणी बोलत नाही. म्हणजे कामाचं बोलतात, परत म्हणतात, बरोबर म्हणतात, आणि तोंड फिरवतात. मी बसले की बाक रिकामा होतो.

काका, मी चुकले का?

मोराग


१३ एप्रिल

मोराग,

पत्र पोचलं. तू सांगतेस: तू दार सोडलंस. अल्फीचं कार्ड लाल झालं. त्याने आतून उघडायला सांगितलं, तू उघडलं नाहीस, गार्डला बोलावलंस. वरती कळवलंस. चौकशी होणार आहे. शिफ्ट तुझ्याशी बोलत नाही.

जेवत जा वेळेवर. गळ्याला गुंडाळल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

काका


गॅनेट हार्बर,
१९ एप्रिल

लॉकी काका,

तुम्ही एक गोष्ट परत म्हटली नाहीत. मी तुमच्याच टेबलाशी वाढले, मला मोजता येतं. पत्राच्या शेवटी मी काही विचारलं होतं. कानाच्या यंत्रासारखं तेही वाऱ्यावर गेलं का?

आणि दुसरं. पाकिटावर शिक्का सेंट ॲग्नसचा नाही, इथला आहे. टपालातल्या बाईने आपण होऊन सांगितलं की तुमची निळी गाडी बुद्रोंच्या दाराशी उभी असते. म्हणजे तुम्ही बोट धरून इथवर आलात, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहताय, आणि मला पत्र पाठवताय. जेवत जा म्हणताय. गळ्याला गुंडाळ म्हणताय.

बरं. मग इथल्या गंमती तुम्हाला ठाऊकच असतील. आता या गावात माझ्यासाठी कुणी दार धरत नाही. किराणा दुकानात माझ्यापुढे जाणाऱ्याने मागे बघितलं, मला ओळखलं आणि दार सोडलं. चर्चमध्ये तेच, पोस्टात तेच. पहिल्या दिवशी वाटलं चुकून झालं. आता सगळ्यांना खेळच मिळालाय. काल नाकावर आदळता आदळता राहिलं. तोंडाने कुणी काही बोलत नाही, एवढी सभ्य माणसं.

पुढच्या बुधवारी चौकशीत माझी साक्ष आहे. आपलेच लोक येऊन गोड बोलतात. म्हणतात, दार धरलं नाहीस एवढं सांग, ते नियमातच आहे, त्यात अल्फीला कुणी काही करणार नाही. "आतून उघड" म्हणाला, तेवढं गाळ. कुणी ऐकलंय? तू आणि तो दोघंच तर होतात, म्हणतात. कार्ड लाल झाल्यावर त्याने मला उघडायला सांगितलं हे मी बोलले, तर त्याचं पद जाईल, कदाचित नोकरी. आणि माझं नाव? ते नाव सुचवणार कोण, अल्फीच ना. म्हणजे गेलंच.

मी गाळणार नाही. जेवढं झालं तेवढं सगळं सांगणार. गाळलेलं वाक्य म्हणजे काय हे मला तुम्ही शिकवलंत, आठवतं का? मी मीठ म्हणायचं विसरले आणि नुसतं "देते" म्हणाले, तर तुम्ही उपाशी बसलात पण डबी घेतली नाहीत. मला तेव्हा तुमचं केवढं कौतुक वाटायचं. आपल्या घराचं वाटायचं. केंद्रातली बाकीची पोरं घरी मासेमारीच्या गप्पा ऐकत वाढली, आणि आमच्या घरी मीठसुद्धा कायद्याने चालायचं.

मला ते कौतुक अजून वाटतं. तुमचा मित्र तुम्हाला प्यारा असेल तर असू द्या. मला मात्र तुम्ही तोंड फिरवाल असं वाटलं नव्हतं. फार लागलंय ते.

मोराग


सेंट ॲग्नस बेट,
११ मे

मोराग बाळा,

चौकशीचा निकाल काल लागला असं कळलं. तो लागेपर्यंत मी लेखणी उचलणार नव्हतो. आता सगळं सांगतो, सावकाश वाच.

तुझं दोन तारखेचं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बोट धरली. तुझ्याकडेच निघालो होतो. बोटीवर बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला की तू साक्षीदार आहेस. ज्याची चौकशी आहे त्याचा मी चाळीस वर्षांचा मित्र. मी तुझ्या टेबलाशी बसून चहा प्यालो असतो, तर तू उद्या काहीही बोललीस तरी लोक म्हणाले असते, म्हातारा येऊन पढवून गेला. आणि तू विचारलेल्या प्रश्नाला मी "नाही" म्हटलं असतं, तर तू माझ्या जोरावर बोलली असतीस. "हो" म्हटलं असतं तर... ते जाऊ दे. तुझी साक्ष तुझीच असायला हवी होती. म्हणून तेवढं वाक्य सोडलं. तुझ्या लक्षात येणार हे मला माहीत होतं, आणि तुला लागणार हेही. दोन गल्ल्यांवर होतो आणि यायचं नाही, मोराग, उभ्या नोकरीतसुद्धा एवढं कठीण काम मी केलं नव्हतं. एकदा रस्त्यापलीकडून तुला बघितलं. गळ्याला काही नव्हतं.

बुद्रोंकडे काय करत होतो? डेल्फीनला उठवत होतो, बसवत होतो, तिच्या शिव्या खात होतो. मी केलेला रस्सा तिने कुत्र्याला घालायला सांगितला, आणि कुत्र्यानेही हुंगून सोडला. अल्फीला मी खोलीत घालून बाहेरून कडी लावली. गडी पडल्या पडल्या झोपला तो दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला उठला. स्वयंपाकघरात आला, खुर्चीवर बसला, हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लॉकी, त्या दिवशी मी शर्टाची बटणं चुकीची लावली होती. तसाच आत जाऊन मी पंप चालवायला सांगणार होतो. आणि सगळ्यांनी ऐकलं असतं माझं."

तो पुढे म्हणाला, "तिने ऐकलं नाही."

तुला हे ठाऊक नसेल, कारण साक्षी वेगवेगळ्या घेतात. तुझ्या आधी अल्फीची झाली. त्याने कुणी विचारायच्या आत सांगितलं की कार्ड बंद आहे हे मला माहीत होतं, आणि तरी मी तिला आतून उघड म्हणालो. तू आत गेलीस तेव्हा ते वाक्य आधीच कागदावर होतं. तू ते गाळलं असतंस तर खोटी तू ठरली असतीस, आणि ती दुरुस्ती त्यालाच करावी लागली असती. शब्दाला शब्द जुळला, बाळा. त्याचं प्रमुखपद वर्षभरासाठी काढलंय, नोकरी राहिली. आता पुन्हा साधा ऑपरेटर. म्हणतो, बरं झालं, डेल्फीनकडे बघायला वेळ मिळेल. दुखतंय त्याला, पण मान ताठ आहे.

आता मी मोकळा झालो. तू विचारलं होतंस: मी चुकले का? हे मी आज परत म्हणतो. पण उत्तर मी द्यायचं नाही. तू सांग, मी परत म्हणेन.

काका

ता. क. ही चिठ्ठी घेऊन बुद्रोंकडे जा आणि जेव. डेल्फीन वाट बघतेय.


गॅनेट हार्बर,
२९ मे

लॉकी काका,

तुमचं पत्र वाचून मी आधी रडले, मग चिडले, मग आईला वाचून दाखवलं. ओटकेकवरचं ते जुनं वाक्य तिला अजून दाखवलेलं नाही. माझ्याशी नीट वागलात तर दाखवणार नाही.

आता क्रमाने.

अल्फी कामावर यायच्या आधीच्या शनिवारी मी किराणा दुकानाकडे जात होते. हातात पिशव्या, अंगावर पाऊस. दाराशी तीनचार जण, सगळी आपली शिफ्ट. अल्फी दुकानातून बाहेर पडत होता. मला बघितलं आणि थांबला. दार धरलं. मी अजून रस्त्याच्या पलीकडे होते हो. तो धरून उभा. मध्ये ट्रक आला, तो जाऊ दिला, तरी हा उभा. आतून मालकीण ओरडली, "अल्फी, सगळी ऊब बाहेर चाललीय." हा म्हणतो, "जाऊ दे." मग मलाच धावावं लागलं, पिशवीतले कांदे सांडत. मी आत शिरताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "इथे धरायचं. तिथे नाही. एवढं साधं कळायला मला चाळीस वर्षं लागली, तुम्हाला किती लागणार आहेत?" एकाने कांदे उचलून दिले.

तेव्हापासून गावात दारं धरतात. जरा जास्तच धरतात. मला सारखं धावावं लागतंय.

सोमवारी तो कामावर आला. डेल्फीन आता काठीवर चालते, तिने शिफ्टसाठी सूप केलं होतं आणि ते न्यायचं काम माझ्याकडे दिलं. मुद्दाम, मला वाटतं. तेच पातेलं, तेच फडकं. दोन्ही हात अडकलेले, अल्फी माझ्या पुढे. त्याने कार्ड लावलं, हिरवा दिवा, तो आत गेला. मी मागे. आणि त्याने, काका, वळून माझ्याकडे बघितलं, दोन्ही हात खिशात घातले आणि दार लागू दिलं. माझ्या तोंडावर.

काचेपलीकडे उभा राहून बघत होता. मिशीत हसू मावत नव्हतं. मी पातेलं खाली ठेवलं, कार्ड काढलं, लावलं, आत गेले, आणि आत गेल्यावर कळलं की सूप बाहेरच राहिलं. विनी तिच्या खिडकीतून म्हणाली, "दोघं ताठ्यात आत गेलात, आता हे आणायचं कुणी? पातेल्याला कार्ड दिलेलं नाही अजून." शेवटी ते तपासणीच्या खिडकीतून आलं. विनीने झाकण काढून, ढवळून, वास घेऊन आणि एक वाटी तपासून मगच सोडलं. शिफ्टला गार सूप मिळालं. एकही कुरकुरला नाही. माझ्या बाकावर बसायला जागा उरली नाही.

आज नावं लागली. नवा प्रमुख म्हणाला की त्याला इथलं कुणी ठाऊक नव्हतं म्हणून त्याने अल्फीला विचारलं, आणि अल्फीने एकच नाव दिलं. दुसरं शोधायला त्यांना आठवडा लागला. सप्टेंबरपासून माझा अभ्यास सुरू. पास झाले तर, काका, ती खुर्ची.

आता तुमच्या प्रश्नाचं, म्हणजे माझ्याच प्रश्नाचं. मी चुकले नव्हते.

मोराग


सेंट ॲग्नस बेट,
८ जून

मोराग बाळा,

तू सांगतेस: तू चुकली नव्हतीस.

अल्फीने दार तोंडावर लावलं. सूप बाहेर राहिलं. सप्टेंबरपासून अभ्यास. आणि हो, कानाचं यंत्र. ते मार्चमधलं वाक्य आता पोचलं. काल बोटीने जाऊन घेऊन आलो. घरात एवढा आवाज असतो हे मला माहीतच नव्हतं, घड्याळ तर नुसतं खिळे ठोकतंय. तू पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसशील, त्या दिवशी घरी गेल्यावर मला फोन कर. मला ते सगळं ऐकायचंय, निम्मं नाही.

आपल्याकडे असलं बोलायची पद्धत नाही. तुझ्या आजोबांनी मला कधी सांगितलं नाही, मीही तुला कधी सांगितलं नाही, मीठ मागण्यातच आयुष्य गेलं. पण न सांगितलेलं पोचलं असं धरून चालणारा माणूस आपल्या धंद्यात चालत नाही. म्हणून लिहितो. मला तुझा अभिमान आहे.

परत म्हणून पाठव.

काका


(पोस्टकार्ड)

गॅनेट हार्बर, १४ जून

तुम्हाला माझा अभिमान आहे.

मोराग


(पोस्टकार्ड)

सेंट ॲग्नस बेट, २० जून

बरोबर.

काका